संसद बंद असताना कांद्यावर ४० टक्के ड्युटी लागली, हे कायद्यात बसतं का?

मंद्रूपचा कांदेवाला:

राम राम मंडळी. प्रश्न जुना हाय पण डोक्यातून जाईना म्हणून टाकलोय, इथं कायद्यातलं कळणारे बरेच आहेत. परवा मार्केट यार्डात गाडी खाली करून चहाला थांबलो होतो, तिथं एक रिटायर्ड मास्तर भेटले, नागरिकशास्त्र शिकवायचे म्हणे. बोलता बोलता म्हणाले की आपल्या देशात संसदेनं कायदा केल्याशिवाय सरकारला रुपयाचाबी कर लावता येत नाही, घटनेत तसं लिहिलंय. मी म्हटलं मास्तर मग ऑगस्ट २०२३ चं काय ते सांगा. १९ तारीख, शनिवार. कांदा निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, आजपासून लागू, ३१ डिसेंबरपर्यंत. संसदेचं अधिवेशन ११ तारखेलाच संपलेलं, म्हणजे दिल्लीत सभागृहाला कुलूप आणि इथं माझ्या कांदाचाळीत उन्हाळी कांद्याच्या दीडशे पिशव्या. मास्तरांनी चहा संपवला आणि म्हणाले याचं उत्तर पुस्तकात नाही.

तेव्हाचं सांगतो. सोमवारपासून नाशिककडं लिलाव बंद पडले. मी थांबायला पाहिजे होतं पण कांद्याला मोड फुटायला लागले होते, वास यायला लागला की कळतं आता ठेवून उपयोग नाही, म्हणून तसाच माल घेऊन आलो. खरेदीदार येतोय, पिशवीत हात घालतोय, एक कांदा उचलून दाबून बघतोय आणि परत ठेवतोय, बोलतच नाही. शेवटी लागला एकदाचा भाव, तो आठ दिवसाआधी भावकीतल्या एकाला लागलेल्या भावापेक्षा क्विंटलमागं साडेचारशेनं कमी. हमाली तोलाई भाडं जाऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आली ती अजून डब्यात ठेवलीय. आडत्याला विचारलं माझा कांदा कुठं दुबईला चाललाय, मला कशाला ड्युटी. तो म्हणाला मालक ड्युटी निर्यातदार भरतो, पण कुणाच्या खिशातून भरतो ते तुम्हीच बघा.

तर माझं विचारणं एवढंच की संसदेला न विचारता सरकार कर कसं लावू शकतं, ते तात्पुरतं असतं म्हणतात तर नंतर संसदेत कधी जातं का, आणि समजा संसदेनं नाही म्हटलं तर तोवर घेतलेले पैसे परत मिळतात का, मिळाले तर कुणाला?

हिशोबी:

कांदेवाले मालक, मास्तर चूक नव्हते आणि तुम्हीबी चूक नाही. घटनेचं कलम २६५ म्हणतं कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. आता शब्द बघा, 'कायद्याच्या अधिकाराशिवाय'. दरवेळी दर संसदेनंच ठरवावा असं त्यात म्हटलेलं नाही. संसदेनं आधीच एखादा कायदा करून सरकारच्या हातात किल्ली दिली असेल तर ती किल्ली वापरणं म्हणजेबी कायद्याचा अधिकारच झाला. तुमच्या बाबतीत ती किल्ली म्हणजे कस्टम्स टॅरिफ ॲक्ट १९७५, त्याचं कलम ८. त्यात असं आहे की एखाद्या मालावर निर्यात ड्युटी लावणं किंवा वाढवणं गरजेचं आहे आणि ताबडतोब पाऊल उचलावं अशी परिस्थिती आहे असं केंद्र सरकारला वाटलं तर ते नोटिफिकेशन काढून लावू शकतं. सरकारला वाटलं पाहिजे, बास. तुम्हाला मला वाटून उपयोग नाही.

पण त्याला एक दोरी बांधलेली आहे. संसद चालू असेल तर ते नोटिफिकेशन लवकरात लवकर दोन्ही सभागृहांपुढं ठेवायचं, बंद असेल तर परत भरल्यावर सात दिवसांच्या आत ठेवायचं, आणि लोकसभेपुढं ठेवल्यापासून पंधरा दिवसांत सरकारनं ठराव मांडून मंजुरी मागायची. तुमच्या केसमध्ये संसद परत भरली ती १८ सप्टेंबर २०२३ ला, ते विशेष अधिवेशन होतं ना, नव्या इमारतीत गेले तेव्हाचं. म्हणजे मधला महिनाभर विचारणारं कुणी नव्हतं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला येतो, हे नीट वाचा कारण सगळी मेख इथंच आहे. संसदेनं त्या नोटिफिकेशनमध्ये बदल केला किंवा रद्द केलं तर ते 'त्यानंतर' बदललेल्या रूपात चालतं किंवा थांबतं, पण आधी जे झालं त्याला धक्का लागत नाही. कलम ७ मध्येच तसं लिहिलंय आणि कलम ८ ला तेच लागू होतं. म्हणजे संसद एकमुखानं नाही म्हणाली तरी त्या महिनाभरात भरलेली ड्युटी सरकारचीच. परत मागायला जागाच नाही.

टॉवेलवाला अक्कलकोट रोड:

हिशोबी भाऊ बरोबर सांगितले पण कांद्याला निदान संसदेत कागद तरी ठेवावा लागतो, आमच्या धंद्याचं ऐका. २०२१ ची गोष्ट. सप्टेंबरमध्ये लखनौला जीएसटी कौन्सिलची मिटिंग झाली, ठरलं की कापड कपडे सगळं ५ टक्क्याचं १२ टक्के करायचं १ जानेवारी २०२२ पासून. १८ नोव्हेंबरला नोटिफिकेशन पण आलं. आपल्याकडं चादर टॉवेलच्या धंद्यात मार्जिन किती असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, सात टक्के म्हणजे मार्जिनच की ते.

मग काय, डिसेंबरभर नुसता गोंधळ. बाहेरगावचे व्यापारी फोन करून म्हणायले माल ३१ तारखेच्या आत बिल करा, पाच टक्क्यात बसवा. आमचे लूम रात्रपाळीला चालले. दुसरीकडं कामगार गड्ड्याच्या जत्रेची ॲडव्हान्स मागायले कारण जानेवारीत संक्रांत सिद्धेश्वर यात्रा. मी नवी प्राइस लिस्ट छापून आणली, १२ टक्क्याची, पाचशे कॉप्या, आर्ट पेपरवर. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्या पोराला बसवून सगळ्या आयटमचे दर बदलून ठेवले की १ तारखेला बटण दाबलं की झालं. आणि ३१ डिसेंबरला दुपारी टीव्हीवर पट्टी आली, कौन्सिलची तातडीची मिटिंग झाली, कापडाचं पुढं ढकललं. म्हणजे १२ लागायच्या आदल्या दिवशी. चपलेवाल्यांचं मात्र नाही ढकललं, त्यांना १ तारखेपासून १२ लागलंच, माझा मेव्हणा चपलेचा धंदा करतो तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, जणू मीच मिटिंगला होतो.

त्या पाचशे प्राइस लिस्टच्या पाठीमागं अजून आमच्या फॅक्टरीत हिशोब लिहितात. चांगला कागद आहे.

तर माझा प्रश्न असा की पाचाचं बारा करणं आणि परत बाराचं पाच ठेवणं यात संसद कुठं होती? आम्ही खासदाराला निवेदन दिलेलं, फोटोबी काढलेला, पण खासदार मत देणार कुठं?

हिशोबी:

टॉवेलवाले, खासदारांनी आपलं मत आधीच देऊन टाकलंय हो, २०१७ ला. सीजीएसटी, म्हणजे केंद्राच्या जीएसटी कायद्याच्या कलम ९ मध्ये संसदेनं कमाल मर्यादा घालून दिली, केंद्राचा भाग जास्तीत जास्त २० टक्के. त्या छताच्या खाली कौन्सिलच्या शिफारशीनं सरकार नोटिफिकेशन काढून दर वरखाली करतं. कलम १६६ प्रमाणं नोटिफिकेशन संसदेपुढं ठेवावं लागतं आणि संसद ते रद्द करू शकते, पण कांद्यासारखी मंजुरी मागायची सक्ती नाही, कुणी काही बोललं नाही तर चालूच राहतं. कौन्सिलमध्ये राज्यांचे मंत्री असतात, केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आणि राज्यांना मिळून दोन तृतीयांश, ठरायला तीन चतुर्थांश लागतं. म्हणून तुमचं निवेदन खासदारापेक्षा राज्याच्या अर्थमंत्र्याला द्यायला पाहिजे होतं. त्यावेळी गुजरातसारख्या राज्यांनी जोर लावला म्हणून ढकललं गेलं, आपल्या फोटोमुळं नाही. राग मानू नका.

टॉवेलवाला अक्कलकोट रोड:

राग नाही. फोटो फॅक्टरीत लावलाय, काढतो आता.

वकीलीण सात रस्ता:

सगळ्यांना नमस्कार. हिशोबी दादांनी कांद्याचं छान सांगितलं, पण कांदेवाले काका, तुमच्या 'तात्पुरता कर' या शब्दाचा खरा मूळ कायदा वेगळाच आहे आणि तो वाचला तर तुम्हाला जास्त राग येईल, कारण त्यात पैसे परत देण्याची सोय आहे.

बजेटच्या दिवशी काय होतं बघा. अर्थमंत्री दुपारपर्यंत भाषण करतात, फायनान्स बिल मांडतात, ते पास व्हायला मार्च उजाडतो. पण कस्टम्स आणि एक्साइज ड्युटी वाढवली असेल तर ती त्याच रात्री बारापासून लागू. बिल तर अजून कायदा झालेलं नाही, मग वसुली कोणत्या अधिकारात? त्यासाठी १९३१ चा प्रोव्हिजनल कलेक्शन ऑफ टॅक्सेस ॲक्ट होता. इंग्रजांचा. (१९३१ म्हटलं की आपल्याला १२ जानेवारी आणि येरवड्यात फाशी गेलेले आपले सोलापूरचे चार हुतात्मे आठवतात, त्याच वर्षी इंग्रज करवसुलीचे कायदेसुद्धा नीट लावून घेत होते.) डिसेंबर २०२३ मध्ये तो रद्द करून त्याच नावाचा नवा कायदा आणला, गाभा तोच. बिलात लिहायचं की अमुक तरतूद जनहितासाठी लगेच लागू करणं इष्ट आहे, की त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून ती कायद्याच्या ताकदीनं चालते. पण फक्त ७५ दिवस. तेवढ्यात बिल पास झालं तर ठीक, नाहीतर ती ताकद संपते. आणि ड्युटी बिलात मांडली त्यापेक्षा कमी दरानं पास झाली किंवा पासच झाली नाही तर जादा घेतलेला पैसा परत करावा लागतो. कायद्यातच लिहिलंय, कुणाच्या मेहरबानीवर नाही.

इन्कम टॅक्स यात येत नाही हं, फक्त कस्टम्स आणि एक्साइज. दरवर्षी बजेटच्या रात्री मला दोन तरी फोन येतात की ताई उद्यापासून स्लॅब बदलला का, म्हणून सांगितलं.

ही पद्धत आली कुठून तेही मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये पूर्वापार चालत होतं की कॉमन्समध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, ठराव झाला की सरकार कर कापायला सुरुवात करायचं, कायदा नंतर. गिब्सन बोल्स नावाचे एक माजी खासदार होते, भारी खट गृहस्थ. १९१२ साली बँक ऑफ इंग्लंडनं त्यांच्या व्याजातून इन्कम टॅक्स कापला, त्या वर्षीचा कायदा व्हायच्या आधी. ते बँकेवरच कोर्टात गेले, आणि वकील न देता स्वतः उभे राहिले. कोर्ट म्हणालं बरोबर आहे यांचं, नुसत्या ठरावानं कर घेता येत नाही, १६८९ च्या बिल ऑफ राइट्सपासून हे ठरलेलं आहे. सरकारची पंचाईत झाली आणि १९१३ ला घाईघाईनं कायदा करावा लागला की होय, ठराविक मुदतीपुरता घेता येईल, पण कायदा झाला नाही तर परत द्यावा लागेल. आपला १९३१ चा कायदा त्याच वळणावर गेलेला आहे. एका माणसाच्या कापलेल्या टॅक्सवरून हे सगळं. काका, तुमची पट्टी जपून ठेवा.

खारीक खोबरं:

मी मंगळवार पेठेत किराणा होलसेलला आहे, कायद्यातलं फार कळत नाही पण एक केस आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी २०१९, पुलवामा झालं १४ तारखेला. दोन दिवसांनी १६ फेब्रुवारीला सरकारनं पाकिस्तानातून येणाऱ्या प्रत्येक मालावर २०० टक्के ड्युटी लावली. दोनशे. म्हणजे शंभराच्या मालावर दोनशे रुपये ड्युटी. आपल्याकडं खारीक तिकडूनच यायची मोठ्या प्रमाणात, अटारी बॉर्डरवरून. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवाला, रमजानला, लग्नाच्या ओटीला, खारीक लागतेच.

आता भावना सगळ्यांच्याच होत्या, आमच्या इथं कुणी ड्युटीविरुद्ध बोललं नाही, बोलावं असं वाटलंबी नाही. पण भानगड अशी झाली की त्याच दिवशी सकाळपासून बऱ्याच लोकांनी अटारीला माल आणून कागद दाखल केलेले, जुन्या दरानं ड्युटीचा हिशोब झालेला. आणि नोटिफिकेशन वेबसाइटवर चढलं रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. कस्टमवाले म्हणाले तारीख १६ ना मग पूर्ण १६ ला लागू, २०० टक्के भरा. व्यापारी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की सेकंद महत्त्वाचा आहे, ८ वाजून ४६ च्या आधी ज्यांनी कागद दाखल केले त्यांना नवा दर लागणार नाही, दिवस मध्यरात्री सुरू होतो म्हणून नोटिफिकेशन मागं ओढता येत नाही.

त्या काळात माझ्याकडं एकवीस पोती खारीक होती जुन्या दराची. आठवड्यात भाव वर गेला आणि मी चार पैसे कमावले, खोटं कशाला बोलू. तात्पुरत्या करात कुणी मरतं आणि कुणी माझ्यासारखं गपचूप कमावतं.

हिशोबी:

खारीक खोबरं, अगदी बरोबर. ते कलम ८ ए, त्याच कायद्यातलं, कांद्याच्या ८ चं सख्खं भावंड, ते निर्यातीला आणि हे आयातीला. आणि आयातीत कागद दाखल केल्याची वेळ बघतात म्हणून ते लोक वाचले. निर्यातीत असं नाही. निर्यातीला दर ठरतो अधिकाऱ्यानं माल चढवायला परवानगी दिली त्या तारखेचा. म्हणजे कांद्याचा कंटेनर बंदरात उभा आहे, शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा कागद दाखल आहे, पण परवानगीचा शिक्का पडला नाही आणि नोटिफिकेशन आलं तर ४० टक्के लागणारच. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी भाव आधीच ठरलेला, तो एक पैसा वाढवून देत नाही. मग निर्यातदार पुढची खरेदी करताना काय करणार, ते कांदेवाल्यांच्या पट्टीत दिसतंच.

एक_सरकारी_माणूस:

सगळे एकाच बाजूनं बोलायले म्हणून जरा दुसरी बाजू मांडतो. समजा सरकारनं सांगितलं की पुढच्या अधिवेशनात कांद्यावर ड्युटी लावायचा विचार आहे, काय होईल? मधल्या महिन्यात देशातला सगळा कांदा जहाजात बसेल. ड्युटी ही आधी सांगून लावायची गोष्टच नाही, बजेटचं भाषणसुद्धा म्हणून गुप्त ठेवतात. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरची कस्टम ड्युटी १५ वरून ६ वर आणली, दुसऱ्या दिवशीपासून लागू. ते आठ दिवस आधी कळलं असतं तर सराफ बाजारात शुकशुकाट झाला असता की नाही? अचानक करणं हाच त्यातला मुद्दा. आणि २०२३ ला टोमॅटो आधीच दोनशेच्या वर जाऊन आलेला, कांदा पण गेला असता तर शहरातली बाई काय करणार होती, तिचं पण कुणी बघायचं की नाही. अमेरिकेत सुद्धा राष्ट्राध्यक्षाला व्यापार कायद्याच्या कलम १२२ खाली १५ टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावता येतं, १५० दिवस, पुढं चालवायचं तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची मंजुरी. सगळीकडं आहे हे.

टॉवेलवाला अक्कलकोट रोड:

अमेरिकेचं नाव काढू नका साहेब. २७ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या मालावर ५० टक्के झालं तेव्हा टेरी टॉवेल एक्सपोर्टवाल्यांचं काय झालं ते मी शेजारच्या युनिटमध्ये बघितलंय. पॅक केलेले कार्टन पार गेटपर्यंत रचलेले, गिऱ्हाइकाचा मेल की होल्ड करा. तिथं तर १२२ सुद्धा नाही, वेगळाच कुठला इमर्जन्सीचा कायदा काढला, ज्यात टॅरिफ हा शब्दच नाही म्हणे.

आणि कमी करायला कुणालाच संसद लागत नाही हे पण लिहा कुणीतरी. फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये बाहेरच्या कापसावर ड्युटी लावली, सगळं मिळून ११ टक्के, दुसऱ्या दिवसापासून चालू. सूत महागलं. एप्रिल २०२२ मध्ये एका नोटिफिकेशननं माफ केली सप्टेंबरपर्यंत, मग एक महिना वाढवली, मग परत लागली. २०२५ ला ऑगस्टमध्ये परत माफ. सूतवाल्याला दर विचारला की तो आधी विचारतो कधी पाहिजे.

वकीलीण सात रस्ता:

सरकारी दादा, अचानक करावं लागतं हे मान्य, माझा वाद त्याच्याशी नाहीच. बजेटची ड्युटीपण अचानकच असते की, मध्यरात्री लागते. तरी तिथं ७५ दिवसांची मुदत आहे आणि परताव्याची हमी आहे. अचानकपणा तोच, मग कांद्याच्या वेळी परतावा का नाही? नोटिफिकेशन नामंजूर झालं तर सगळी वसुली परत द्यायची असं कलम ७ मध्ये एक ओळ घातली असती तरी सरकारचं अचानक लावायचं काम अडलं नसतं, फक्त लावताना दहादा विचार केला असता. हा फरक का ठेवला याचं पटेल असं कारण मला तरी सापडलं नाही. बजेटच्या ड्युटीमागं बिल असतं, बिलावर मतदान होणारच असतं, म्हणून तिथं कायदा सावध आहे. नोटिफिकेशनच्या मागं नुसता एक ठराव, आणि बहुमत असलेल्या सरकारचा ठराव पडत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिथं कुणी काळजीच घेतली नाही, असं माझं मत. चुकत असेल तर सांगा.

शिवाय 'तात्पुरतं' किती ते पण बघा. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत म्हणाले होते. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचा किमान निर्यात दर आणला, ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठवली ती ४० टक्के ड्युटी लावूनच, सप्टेंबर २०२४ ला २० केली आणि शून्य झाली १ एप्रिल २०२५ ला. चार महिन्यांचा पाहुणा दीड वर्षानं गेला.

मंद्रूपचा कांदेवाला:

सगळ्यांचे आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ताई, सरकारी साहेब म्हणाले शहरातली बाई काय करणार, बरोबर आहे, माझी लेक पण पुण्यात भाड्यानं राहते, ती पण कांदा विकतच घेते. पण मला एक सांगा, त्याच २०२३ ला फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं पाचशे किलोच्या वर कांदा सोलापुरात विकला आणि सगळं कापून त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक आला, पेपरात टीव्हीवर सगळीकडं आलं होतं. तेव्हा त्या कलमातली 'ताबडतोब पाऊल उचलावं अशी परिस्थिती' नव्हती का? कांदा दोन रुपये झाला तर परिस्थिती नाही, चाळीस झाला की परिस्थिती. माझी पोरं शिकलेली आहेत, ती म्हणतात बाबा असं बोलू नका पॉलिटिक्स होतंय. होऊ दे.

आणि हिशोबी साहेब, माझा शेवटचा प्रश्न राहिला. समजा उद्या कोर्टानं म्हटलं ड्युटीच चूक होती, पैसे परत द्या, तर ते कुणाला?

हिशोबी:

मालक, याचं उत्तर द्यायला मला नको वाटतंय पण देतो. परतावा मागू शकतो तो ज्यानं ड्युटी भरली तो, म्हणजे निर्यातदार. तुम्ही भरलेलीच नाही, कागदावर तुमचं नाव कुठंच नाही, तुमच्या पट्टीत ड्युटीचा कॉलम नाही, नुसता भाव कमी आहे. बरं निर्यातदारालाही सहज मिळत नाही. कस्टम्स कायद्यात कलम २८ डी आहे, त्यात असं गृहीत धरलंय की ज्यानं ड्युटी भरली त्यानं तिचा सगळा बोजा पुढं गिऱ्हाइकावर टाकला, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. १९९६ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी मफतलालच्या केसमध्ये हेच तत्त्व उचलून धरलं, की बोजा दुसऱ्यावर टाकलेला असेल तर परतावा त्याच्या खिशात जाऊ नये, कारण ती फुकटची कमाई होईल. तत्त्व म्हणून चांगलंच आहे. पण कायदा बघतो फक्त पुढं, विकत घेणाऱ्याकडं. बोजा मागं सरकतो, शेतकऱ्याकडं, हे त्याच्या हिशोबातच नाही.

मग निर्यातदाराला सिद्ध करता आलं नाही तर पैसा जातो कुठं, तर ग्राहक कल्याण निधीत.

खारीक खोबरं:

म्हणजे ड्युटी लावली ती ग्राहकासाठी आणि परत आली तरी ग्राहकालाच?

हिशोबी:

हो.

मंद्रूपचा कांदेवाला:

बरं झालं विचारलं. मास्तरांना वाचून दाखवतो, ते गुरुवारी येतात यार्डात. मी पण त्याच दिवशी चाळीस पिशव्या आणायलोय, टॉवेलवाले मालक जवळच असाल तर या चहाला, आणि ती प्राइस लिस्ट असेल शिल्लक तर दहा-पंधरा कॉप्या आणा, आमच्या नातवाला पाठीमागं गणितं करायला होतील.